स्थलांतराच्या चित्रांतून जमीन कुठे गेली?

रेघोटी (धागाकर्ती)

२०२० च्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यानंतर एक चित्र आपल्याकडे उदंड झालं. डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, मागे मावळता सूर्य, समोर हायवेचा पांढरा पट्टा. कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत ते दिसतं, फेसबुकवर दिसतं, कॅलेंडरवरही दिसलं. काढणाऱ्यांचा कळवळा खरा असेल, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही माणसं कसल्या मातीतून निघाली, तिथे पाणी होतं का, डोंगर कोणत्या बाजूला होता, शेतात काय उभं होतं, यातलं काहीही त्या चित्रांत नसतं. मागे नारिंगी रंगाचा एक वॉश मारून दिलेला असतो. त्यांना कुठल्याही देशात, कुठल्याही सालात नेऊन उभं करा, चित्राला काही फरक पडत नाही.

माझं म्हणणं असं, की गाव सोडण्याचं चित्र आधी निसर्गचित्र असावं लागतं. माणूस नंतर.

दोन उदाहरणं देते, मग तुम्ही भांडा.

पहिलं शांतिनिकेतनातलं. शिल्पकार रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब', १९३८. खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीच्या टोपलीत मूल, डोक्यावर ओझं घेतलेली बाई आणि पायाशी चालणारा कुत्रा. मजुरी करणारं कुटुंब बिऱ्हाड उचलून दुसरीकडे निघालंय. शिल्प पुरुषभर उंचीहून मोठं आहे आणि उघड्यावर उभं आहे. देव नाही, राजा नाही, पुढारी नाही, पैसे देऊन करून घेणारा कोणी धनी नाही. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून त्याचं नाव घेतात ते बहुधा या विषयामुळेच. मला मात्र त्यातला मोठा निर्णय विषयाचा वाटत नाही, साहित्याचा वाटतो. ब्राँझ परवडणारं नव्हतं. रामकिंकरांनी सिमेंटमध्ये तिथलीच लाल खडी मिसळली. बीरभूमच्या त्या पट्ट्यात पावसाच्या पाण्याने चिरत नेलेली लाल माळरानं आहेत, खोआई म्हणतात त्यांना. ही माणसं ज्या माळावरून चालली आहेत त्याच माळाची बनली आहेत. वेगळी पार्श्वभूमी रंगवायची गरजच उरली नाही.

त्यानंतर १९५६ चं 'मिल कॉल'. भाताच्या गिरणीचा भोंगा ऐकून दोन संथाळ बायका धावताहेत, मागे एक पोर, आणि ओलं लुगडं वाऱ्यावर वाळत चाललंय. वाळत घालायला थांबायचीही सवड नाही. दोन्ही शिल्पं एकामागोमाग पाहिली की मधल्या अठरा वर्षांत त्या लोकांचं काय झालं ते कळतं. पहिल्यात चालण्याला स्वतःची लय आहे, दुसऱ्यात ती भोंग्याने ठरवलेली.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६, गाव सास्ती, जिल्हा चंद्रपूर. कोळसा खाणीचं गाव. घरची जमीन खाणीत गेली, घरातली माणसं खाणीत कामाला. खैरागढला शिल्पकला शिकले, मग बडोद्याला. २०१२ मध्ये मुंबईत क्लार्क हाऊस या कलादालनात त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. ते थेट भिंतीवर चारकोलने काढतात, आणि प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते. चारकोल म्हणजे लाकडाचा कोळसा, दगडी नव्हे, हे मला माहीत आहे, कोणी सांगायला येऊ नका. तरी खाणीच्या गावातल्या माणसाने कोळशानेच चित्र काढावं यात काहीतरी आहेच.

त्यांच्या चित्रांतल्या माणसांना बहुतेकदा डोकंच नसतं. डोक्याच्या जागी घर असतं, दिवा असतो, अवजार असतं. आणि जमीन? ती आडवी पसरलेली नसते. खणलेली, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेली असते, मध्येच तिला पाय फुटतात, एखाद्या जनावरासारखी ती उठून चालू लागते. इथे स्थलांतर माणसाने केलेलं नाही. माणूस जागच्या जागी आहे, त्याच्या पायाखालची जमीन निघून गेली आहे. तिचा कोळसा झाला आणि रेल्वेच्या वाघिणीत बसून गेला.

हे मला त्या नारिंगी सूर्यास्तापेक्षा शंभरपट खरं वाटतं. तुमच्याकडे अशी चित्रं-शिल्पं असतील तर सांगा. मी चुकीचं बोलत असेन तर तेही सांगा, पण उदाहरणासकट.


जांभ्या

उत्तम धागा. मी शिल्पकलेचा विद्यार्थी होतो, आता रत्नागिरीत गणपती आणि पुतळे करून पोट भरतो, म्हणून साहित्याबद्दल दोन शब्द.

ती लाल खडी म्हणजे लॅटराइट. आपल्याकडचा जांभा त्याच जातीचा. कोकणातल्या कोणालाही तो रंग सांगावा लागणार नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतो, उन्हाळ्यात काळवंडतो, आणि तुटला की आतून ताजा लाल निघतो.

रामकिंकरांची पद्धत आमच्या नेहमीच्या पद्धतीच्या उलटी होती. आम्ही आधी शाडूत करतो, त्यावर पीओपीचा साचा घेतो, मग साच्यात ओततो. त्यात चुकलं तर दुरुस्त करायला वाव असतो. त्यांनी सळ्या आणि तारांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर सिमेंट-खडीचा माल थेट फेकला, गवंडी भिंतीवर गिलावा मारतो तसा. माल घट्ट व्हायच्या आत कोरायचा, खरवडायचा. वेळ मोजकी. म्हणून त्या अंगांवर तो खडबडीतपणा आहे. कोणी बसून घासून गुळगुळीत केलेलं नाही. लांबून बघितलं की आकृती दिसते, जवळ गेलं की नुसता माळ दिसतो.

उघड्यावरच्या सिमेंटचा त्रासही सांगतो. आतली सळी गंजते, फुगते, वरचं कवच तडकतं. अशा कामांना छप्पर घालावं की घालू नये यावर आमच्यात कायम वाद. छप्पर घातलं तर शिल्प टिकतं आणि आकाश जातं. रेघोटीताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे जमीन हाच अर्धा विषय असेल तर छप्पर घालणं म्हणजे अर्धं शिल्प काढून घेणं झालं.


एक_सहज

वाचनखूण साठवली. प्रतिसाद वाचत राहीन.


वावर

मी राजुरा तालुक्यातला. पाचपुते आमच्याकडचेच म्हणून लिहितो, नाहीतर मी चित्रांच्या धाग्यावर येत नाही जी.

आमचं वावर खदानीत गेलं. कापूस आणि तूर व्हायची. पैसे भेटले, घरातल्या एकाला नोकरी भेटली, बाकीच्यांना नाही. हे सगळ्यांचंच आहे, त्याचं रडगाणं नाही गात. पण रेघोटीताईंनी जे लिहिलं ना, जमीन चालू लागते, ते आमच्यासाठी चित्रातली गोष्ट नाही. ओपनकास्टमध्ये कोळशाच्या वरची माती काढतात, तिला ओबी म्हणतात, आणि ती बाजूला टाकत जातात. टाकता टाकता तिचा डोंगर होते. आमचा भाग सपाट. लहानपणी नजर जाईल तिथपर्यंत काळं वावर. आता चारी बाजूंनी डोंगर. आमची आजी शेवटपर्यंत म्हणायची की सूर्य उशिरा निघून राह्यला. खोटं नव्हतं बोलत. ढिगाऱ्यामागून वर यायला त्याला वेळ लागतेच.

अजून एक. आमच्याकडून लोक गेले हे खरं, पण आमच्याकडे आले किती! उत्तर प्रदेश, बिहार, छत्तीसगड, तेलंगणा. बल्लारपूरला लोक मिनी इंडिया म्हणतात. खदानीच्या कॉलनीत छठ होते, बतुकम्मा होते. म्हणजे आमची जमीन गेली आणि त्याच खड्ड्यासाठी दुसऱ्याने आपली जमीन सोडली. हे दोन्ही एका चित्रात काढणारा कोणी आहे का?

आणि शेवटचा प्रश्न, रागाने नाही विचारत. हे चित्र आमच्या गावात कोणी पाह्यलं?


खडूस_खापर

वावर यांनी मुद्द्याला हात घातला. कष्टकऱ्याची जमीन जाते, चित्रकार ती भिंतीवर काढतो, पांढऱ्या वाइनचा ग्लास घेऊन लोक बघतात. मग भिंत पुसतात. छान.

रामकिंकरांचं वेगळं होतं. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की स्वतःची तैलचित्रं वर लावून पाणी अडवणारा माणूस. सिनेदिग्दर्शक ऋत्विक घटकांनी त्यांच्यावर केलेल्या अपुऱ्या माहितीपटात ते स्वतःच हे हसत हसत सांगतात. त्याला पद्मभूषण मिळालं १९७० साली, गळकं छप्पर तसंच.


रेघोटी

@वावर, तुमची प्रतिक्रिया मूळ लेखापेक्षा वजनदार आहे. ते सूर्याचं मी विसरणार नाही.

गावात कोणी पाहिलं या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पाचपुत्यांची कामं साओ पावलो (२०१४), इस्तंबूल (२०१५) आणि व्हेनिस (२०२२) इथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनांत गेली. २०२१ चा आर्टेस मुंडी पुरस्कार वेल्समधल्या कार्डिफचा, त्या वर्षी तो सहाही कलाकारांना मिळून दिला गेला, त्यात ते होते. कार्डिफचं मुद्दाम सांगते, कारण दक्षिण वेल्स हा कोळशाचाच मुलूख. तिथल्या खाण कामगारांच्या संघटनांचे मोठाले रंगवलेले बॅनर असायचे, मोर्च्यात पुढे धरायचे. पाचपुत्यांनी तिथे दाखवलेल्या कामांत तो बॅनरचा घाट घेतला आणि आपल्याकडच्या मोर्च्यांशी जोडला. खाणी बंद पडलेल्या गावातल्या वेल्श माणसाला सास्तीचं चित्र कळलं असणार, असं मला वाटतं. राजुऱ्यातल्या माणसाला ते दाखवायची सोय नाही, हे मात्र लाजिरवाणं आहे.

@खडूस_खापर, विकत घेणाऱ्यामुळे चित्र खोटं ठरत नाही. आणि भिंतीवरचं पुसून टाकलेलं चित्र विकायचं कसं, ते तुम्हीच सांगा.


खडूस_खापर

भिंतीवरचं नाही विकत, कॅनव्हासवरचं विकतात. असो. वाचतोय.


ठाणेकर_जुना

रेघोटी, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. तुम्ही सुटलेल्या जमिनीबद्दल बोलताय. पण माणूस जिथे येऊन पडतो तिथलीही जमीन असते, आणि ती रंगवणारा आमच्या ठाण्यातच बसलाय. सुधीर पटवर्धन.

जन्म पुण्याचा, १९४९ चा. एएफएमसी या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून २००५ पर्यंत व्यवसाय केला आणि तो सांभाळून चित्रं काढली. दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो बघणारा माणूस संध्याकाळी त्याच लोकांना कपड्यांत, लोकलमध्ये, इराण्याच्या हॉटेलात बघत होता. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं. त्या सुरुवातीच्या चित्रांत माणूस मोठा, अंगाने भरीव, जवळजवळ शिल्पासारखा. पुढे तो लहान होत गेला आणि आजूबाजूचं वाढत गेलं. नाला, पूल, रुळांच्या कडेची घरं, अर्धी कापलेली टेकडी, बांधकामाच्या परांच्या.

त्यांची 'पोखरण', 'उल्हासनगर', 'लोअर परळ' ही नावंच बघा. सगळी ठिकाणांची नावं आहेत (पोखरण म्हणजे आमच्या ठाण्यातलं) आणि सगळी येऊन वसलेल्यांची ठिकाणं आहेत. उल्हासनगर तर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत ठेवलं त्यातून झालेलं शहर, आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. लोअर परळला कोकण आणि घाटावरून आलेल्यांनी गिरण्या चालवल्या, १९८२ च्या संपानंतर त्या गेल्या आणि चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या.

पटवर्धनांच्या शहरचित्रांत एकच क्षितिज नसतं. एका कोपऱ्यात तुम्ही पुलावरून खाली बघताय, दुसऱ्या कोपऱ्यात रस्त्यावर उभं राहून वर. पहिल्यांदा गोंधळायला होतं. पण ठाण्यात राहणाऱ्याला ते बरोबर वाटतं, कारण आम्ही हे शहर असंच बघतो, चालत, जिना चढत, खिडकीतून, रिक्षातून. नव्याने आलेला माणूसही शहर असंच तुकड्यातुकड्यांनी शिकतो.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) २०१९ च्या शेवटी त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं होतं, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत होतं. महिनाभरात टाळेबंदी आली, आणि ज्यांना आपण त्या भिंतींवर बघून आलो होतो ती माणसं रस्त्यावर चालताना दिसायला लागली. मला तरी त्या उन्हाळ्यात टीव्हीवरच्या गर्दीत त्यांचे चेहरे ओळखीचे वाटत होते.

@वावर, एक सांगायचं राहिलं. याच पटवर्धनांनी आधुनिक भारतीय चित्रांची प्रदर्शनं महाराष्ट्रातल्या मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांत नेली होती, स्वतः उभं राहून लोकांशी बोलले होते. म्हणजे अशक्य नाही ते.


मेरीलँडकर

धागा उघडला आणि जेवण थंड झालं. इथे वॉशिंग्टनमध्ये फिलिप्स कलेक्शन नावाचं संग्रहालय आहे. त्यात जेकब लॉरेन्सच्या स्थलांतर मालिकेची विषम क्रमांकाची चित्रं आहेत. सम क्रमांकाची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे, म्हणजे मोमाकडे. भावाभावांत वाटणी झाल्यासारखी एकूण साठ चित्रं दोघांनी वाटून घेतली.

विषय असा: अमेरिकेच्या दक्षिणेतले काळे लोक उत्तरेकडच्या शहरांत गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ओघ वाढला आणि १९७० पर्यंत सुमारे ६० लाख लोक हलले. लॉरेन्सचे आईवडील त्यातलेच. १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ही मालिका केली. चित्रं छोटी आहेत, १२ इंच बाय १८ इंच. आधी हार्लेममधल्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतल्या, ग्रंथालयात बसून वाचन केलं, साठही चित्रांच्या ओळी लिहिल्या, मग साठही पाट्या एकदम मांडल्या आणि एकेक रंग घेऊन तो सगळ्या पाट्यांवर लावत गेला. आधी गडद, मग फिके. म्हणून पहिल्या चित्रातला हिरवा आणि शेवटच्या चित्रातला हिरवा अगदी एकच आहे. सोबत ग्वेंडोलिन नाइट होती, पाट्यांना अस्तर देणं आणि ओळींवर हात फिरवणं यात तिची मदत. दोघांनी १९४१ मध्येच लग्न केलं.

आता रेघोटी यांच्या मुद्द्यावर. या मालिकेत निसर्गचित्र असं फारसं नाही. स्टेशन, डबे, भिंती, गर्दी. म्हणजे तुमच्या निकषावर ती नापास व्हायला हवी. पण नववं चित्र बघा. माणूसच नाही त्यात, फक्त कापसाची झाडं. बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याने पीक खाल्लं म्हणून लोक निघाले, एवढंच ते सांगतं. विदर्भातल्या कोणालाही बोंडअळीच्या सालानंतर हे समजावून सांगायला नको. आणि पंधरावं. एक उघडी फांदी, तिच्यावरून लोंबणारा रिकामा फास, खाली दगडावर गुडघ्यात डोकं घालून बसलेलं एक माणूस. झुंडीने फाशी दिलेला माणूस दाखवलेलाच नाही. रिकामी जमीन आणि रिकामं आकाश. मी त्या चित्रासमोरून लवकर सरकू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट, तिच्यामुळे तुमचा सिद्धांत थोडा हलेल. ही मालिका पूर्ण करेपर्यंत लॉरेन्सने दक्षिण पाहिलीच नव्हती. जन्म न्यू जर्सीचा, वाढला उत्तरेत. मालिका झाल्यावर तो पहिल्यांदा न्यू ऑर्लिन्सला गेला. म्हणजे कापसाचं ते शेत त्याने आईच्या, शेजाऱ्यांच्या, पुस्तकांच्या तोंडून ऐकलेलं.


रेघोटी

@मेरीलँडकर, सिद्धांत हलला नाही, उलट त्याला आधार मिळाला. साठांपैकी ज्या दोन चित्रांनी तुम्हाला धरून ठेवलं ती दोन्ही जमिनीचीच निघाली!

पण ऐकीव जमिनीचा मुद्दा मोठा आहे. मुंबईत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीच्या कोकणी माणसाकडे गाव असंच असतं. मे महिना, गणपती आणि आजीच्या गोष्टी. तो चित्र काढायला बसला तर काय काढेल?


जांभ्या

मी सांगतो काय काढतो. कौलारू घर, तुळशीवृंदावन, लाल वाट, नारळ. इथे दुकानांत असल्या चित्रांच्या थप्प्या आहेत आणि मुंबईचे लोकच घेऊन जातात. त्यात सड्यावरची जळलेली करवंद नाही, बंद घरांची कुलपं नाहीत, आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी कुटुंबवाला नाही. कोकणातल्या बागा आज नेपाळ्यांशिवाय राखता येत नाहीत. ते निसर्गचित्र कोणी काढलं तर मी माझ्या कारखान्यात लावेन.


मांडवीकाठ

गोव्यातून एक नाव. वामन नावेलकार. पोंबुर्फ्याचे. पोर्तुगीज काळात लिस्बनला शिकायला गेले, तिथून मोझांबिकला, तिथे शिक्षक झाले. मोझांबिक स्वतंत्र झाल्यानंतरच्या धामधुमीत तुरुंगात पडले. परत लिस्बन, आणि शेवटी पुन्हा पोंबुर्फा. या ये-जा करण्यात एक सुटकेस हरवली, शेकडो चित्रं असलेली, ती कधीच मिळाली नाही. तीन खंडांत राहिलेला माणूस म्हणून त्यांच्यावर लिहिलं गेलंय. चित्रांवर ते 'गणेश' अशी सही करायचे. २०२१ मध्ये गेले.

सांगायचं कारण, त्यांच्या रेषेत आफ्रिकी चेहरे आणि गोव्यातली माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. कुठलं कुठलं आहे ते सांगता येत नाही. रेघोटी, तुमच्या निकषाला इथे अडचण येईल. जो माणूस तीन जमिनींचा, त्याने कोणती काढायची? चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझाने तर गोव्यातलं साळगाव सोडून लंडन गाठलं, नंतर न्यूयॉर्क, आणि तरी त्याच्या शहरांच्या चित्रांत चर्चच्या मनोऱ्यांसारखं काहीतरी टोकदार वर येतच राहतं. मला ते गोव्याचं वाटतं, माझ्या एका मित्राला लंडनचं वाटतं. आमचा वाद जुना आहे.


निळीशाई

छापचित्रकार झरीना हाश्मी कशा राहिल्या अजून? १९३७ चा जन्म, अलीगढ. गणित शिकल्या, मग पॅरिसमध्ये हेटर यांच्याकडे छापचित्रण. नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे देश बदलत राहिले. आईवडील आणि घरचे १९५० च्या दशकाअखेरीस पाकिस्तानात गेले. त्यांचं २००१ चं 'डिव्हायडिंग लाइन' हे लाकडी ठशाचं चित्र: कागदावर एक जाड, वाकडीतिकडी काळी रेघ. भारत-पाकिस्तान सीमा. रेघ कोरलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढलंय, म्हणून रेघ उरली. आणि खरवडलेल्या भागावर पटाशीचे बारीक ओरखडे तसेच ठेवलेत, तुडवलेल्या शेतासारखे दिसतात.

नकाशा हेही निसर्गचित्रच, फक्त फार वरून काढलेलं. त्यात एकही माणूस नाही आणि लाखो माणसं आहेत.


डहाणूलोकल

वारली चित्रांचं नाव कोणीच काढलं नाही याचं नवल वाटलं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत पायवाटा बघा. माणसं मुंग्यांसारखी वळणावळणाने चाललेली असतात, वाट संपूर्ण कागदभर फिरते. रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज कलाकार, ज्याची कलाच चालण्याची आहे, मैलोन्‌मैल चालायचं आणि वाटेत दगडांच्या ओळी किंवा वर्तुळं मांडायची, तो इकडे येऊन मश्यांना भेटला होता. २००३ मध्ये जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. एकाला चालायची हौस, एकाच्या लोकांना चालण्यावाचून इलाज नाही.

कारण आमच्याकडे भात कापून झाला की पाड्याच्या पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. आगाऊ उचल घेतलेली असते. पावसाच्या तोंडावर परत. शाळेचा पट अर्धा होतो. वारली चित्र आता साड्यांवर आणि चहाच्या कपांवर आहे, त्यात तारपा हे वाद्य आहे, लग्नाचा चौक आहे. वीटभट्टी मात्र क्वचितच दिसते. विकत घेणाऱ्याला तारपा हवा असतो, हेही खरं.


माणदेशी_मी

डहाणूलोकल, अगदी. ऊसतोडीचंही तेच. दसऱ्यानंतर बीड, नगरकडच्या बैलगाड्या निघतात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, कारखान्याच्या फडाशेजारी झोपड्या, म्हणजे कोप्या. कोपीची छायाचित्रं भरपूर आहेत. छायाचित्रकार एक दिवस येतो. चित्रकाराला तिथे बसावं लागतं, आणि फडात बसायला जागा नसते, पाचट असतं.

मला वाटतं रेघोटीताईंच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. ज्याने बसून पाहिलं नाही तो मागे नारिंगी रंग मारतो.


ठाणेकर_जुना

बसून पाहण्याबद्दल सहमत, पण लॉरेन्सने पाहिलं नव्हतं ना. तरी जमलं.


मेरीलँडकर

त्याने ज्यांचं ऐकलं ते त्याच्या घरातच होते. फरक आहे.


खडूस_खापर

हेमा उपाध्याय यांचं नाव कोणीतरी घ्यायला हवं होतं, मीच घेतो. बडोद्याहून मुंबईला आलेली चित्रकार. पत्र्याचे तुकडे, मोटारींचं भंगार, रंग असं घेऊन तिने वरून दिसणारी झोपडपट्टी बांधली, २००६ ची गोष्ट. इंचाइंचाची घरं, निळे कागद, मधूनच मशिदीचा नाहीतर देवळाचा ठिपका. माणूस एकही नाही. जमीनही नाही, कारण मुंबईत जमीन दिसतच नाही, नुसती छपरं दिसतात. रेघोटी, हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे, उपकार मानू नका.


रेघोटी

मानते तरी.


वावर

सगळं वाचलं. धन्यवाद ठाणेकर, प्रदर्शन फिरवता येते हे माहीत नव्हतं. आमच्या इथल्या एका शाळेच्या ड्रॉइंगच्या सरांशी बोललो. ते म्हणाले हॉल आहे, पडदा आहे, प्रोजेक्टर मागावा लागेल. खरी चित्रं नाही तर फोटो तरी दाखवू.

त्यावरून आठवलं. माझा पुतण्या एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करून राह्यला. सराव म्हणून देखावा काढायला सांगितला. त्याने ओबीचा डोंगर काढला, वर सपाट, बाजूने घसरलेला, आणि त्यावरून जाणारा डंपर. शिकवणीच्या मास्तरांनी खोडलं, म्हणे डोंगर असा नसते, त्रिकोणी काढ, मधून सूर्य काढ.


माणदेशी_मी

त्या मास्तरांना कोणीतरी हा धागा वाचायला द्या.


जांभ्या

पुतण्याला सांग तो डोंगर ओल्या मातीत करून बघ. घसरण कागदापेक्षा मातीत चांगली समजते.


रेघोटी

@वावर, पुतण्याचं चित्र इथे टाका ना, खोडलेलं असलं तरी चालेल.


वावर

विचारलं. तो म्हणते डंपरची चाकं नीट आली नाहीत, आधी पुन्हा काढतो, मग टाक.


खडूस_खापर

विकायचं असेल तर किंमत आधी सांगा.